मदत हवी आहे: पट्टेरी माउंटची खिडकी कापताना कडेचा पट्टा खाल्ला जातोय

मंडळी, दोन बोर्ड वाया घालवून इथे आलोय. बहिणीने काढलेलं शाईचं चित्र फ्रेम करायचं आहे. नेहमीचा क्रीम माउंट (फ्रेममध्ये चित्राभोवती दिसणारा, मधे खिडकी कापलेला पुठ्ठा) नको म्हणून १.४ मिमी जाडीच्या माउंट बोर्डावर उभ्या पट्ट्यांचा कागद चिकटवला. निळा पट्टा ६ मिमी, पांढरा ६ मिमी. खिडकी २० × २८ सेमी. तिच्या डाव्या-उजव्या कडेला अख्खा निळा पट्टा दिसावा, एवढाच हट्ट.

केलं असं: पुढून निळ्या पट्ट्याच्या आतल्या कडेवर, वरच्या बाजूला टाचणी टोचली आणि तिथून मागे डावी रेघ मारली. तिच्यापासून २० सेमी मोजून उजवी. रेघा बोर्डाच्या कडेला समांतर, गुण्या लावून. मग ४५ अंशांच्या कटरने मागून कापलं.

निकाल: निळा पट्टा डावीकडे वर साडेचार मिमी उरला, खाली पाच. उजवीकडे वर अडीच, खाली जेमतेम दोन. लांबून बघितलं तरी चित्र वाकडं वाटतं. शिवाय खालच्या कडेला कागदाची लव निघाली आहे. हात हलतोय की कटर बिघडलाय?

पातं_आणि_पट्टी
हात अगदी ठीक आहे. तुमचेच आकडे बघा: वर साडेचार आणि अडीच, खाली पाच आणि दोन. बेरीज दोन्हीकडे सात. म्हणजे काप एकमेकांना समांतर आहेत, कागद मात्र चिकटवताना अर्धा मिमी कलला. साध्या बोर्डावर हे कोणाच्या बापालाही कळलं नसतं, पट्टे लगेच चुगली करतात. इथून पुढे बोर्डाची कड विसरा. टाचण्या वर एक, खाली एक अशा एकाच पट्ट्याच्या कडेवर टोचा आणि मागे ती दोन भोकं जोडा. आडव्या रेघा त्या रेघेला काटकोनात.

आता खाल्लेला पट्टा. मागून तिरकं कापताना पातं मागच्या रेघेवर शिरतं आणि पुढे बाहेरच्या अंगाला निघतं, बोर्डाच्या जाडीइतकं सरकून. म्हणूनच पांढरी तिरकी कड समोरून दिसते. तुमचे डावीकडचे दीडेक मिमी तिथे गेले. रेघ पट्ट्याच्या कडेपासून १.४ मिमी आत, खिडकीच्या बाजूला घ्या. जाडी मात्र कागद आणि गोंदासकट मोजा.

मूळ धागाकर्ता
हे पटलं. पण मग उजवीकडे डावीपेक्षा दोन मिमी जास्त का गेले?

पातं_आणि_पट्टी
कारण २० सेमी ही खिडकी तुमच्या कागदात बसतच नाही! दोन्ही कडांना निळा हवा तर आतली मोजणी पांढऱ्याने सुरू होऊन पांढऱ्यानेच संपायला हवी. १७ पांढरे, १६ निळे, एकूण ३३ पट्टे. ३३ × ६ = १९८ मिमी. तुमचे जादा २ मिमी उजव्या निळ्यातून गेले. पुढून १९८ हवे तर मागच्या रेघांमधलं अंतर १९५.२. पट्टेरी कामात आधी पट्टे मोजायचे, सेंटीमीटर मागाहून. उंचीचं बंधन नाही, वर-खाली पट्टे आडवे कापले जातात.

चौकटीबाहेर
एवढा खटाटोप कशाला? आत साध्या निळ्या बोर्डाचा दुसरा माउंट घाला, ५ मिमी दिसेल असा. पट्टे कुठेही तुटले तरी नजर त्या निळ्या कडेवर थांबते.

पातं_आणि_पट्टी
चालेल, पण चुकलेला पट्टा त्या कडेच्या शेजारी तसाच राहतो. कललेला असेल तर अजूनच डोळ्यात येतो, शेजारी सरळ रेघ मिळते ना.

लवेबद्दल: गोंद ओला असताना कापलंत का? वजनाखाली रात्रभर तरी वाळू द्या. प्रत्येक खिडकीला नवं पातं, आणि खाली टाकाऊ बोर्डाचा सपाट तुकडा. जुन्या कापांनी चिरलेला नको, पात्याचं टोक त्या चरात शिरलं की कड भरकटते.

मूळ धागाकर्ता
तासाभरात कापलं होतं, कबूल. चित्राचा कागद मोठा आहे, त्यामुळे १९८ ला अडचण नाही.

मूळ धागाकर्ता
दोन दिवसांनी: आधी वाया गेलेल्या बोर्डावर एक कड कापून पाहिली. जाडी दीड मिमी भरली, म्हणून रेघा १९५ वर घेतल्या. निळा पट्टा दोन्हीकडे, वर-खाली सहाचा सहा! लव नाही. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात काप मिलिमीटरभर पुढे गेलाय. तो बोथट वस्तूने घासून दाबला तर बसेल का, की कागद चकाकेल?

चौकटीबाहेर
वर पातळ कागद ठेवून नखाने दाबा. थेट घासलंत तर नक्की चकाकेल.