‘उन्हाळी’ म्हणून किती दिवस अंगावर काढायचे?

प्रश्न (खाडीकाठ, दापोली तालुका):
माझ्या सासूबाई हर्णै बंदरावर मासळी घेऊन गावोगाव विकतात. सकाळी निघाल्यापासून दुपारी परत येईपर्यंत त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत, कारण प्यायले तर जायचे कुठे? चैत्रापासून त्यांना तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली असून, दर वेळी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवले जाते. दोष हवेचा की सवयीचा?

उत्तर (निवृत्त परिचारिका):
हवाच दोषी असती, तर वैशाखात घरातल्या साऱ्यांनाच जळजळ झाली असती. आपल्याकडच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग निवत नाही आणि घाम येतच राहतो. त्यात पाणी कमी पडले की लघवी थोडी व गडद होऊन झोंबते, एवढ्यापुरते ‘उन्हाळी’ हे नाव योग्य आहे. परंतु मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, आणि ती तासन्‌तास तुंबवून धरली की आत शिरलेल्या जंतूंना वाढायला सवड मिळते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असल्याने जंतूंची वाटही आखूड, आणि पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. तिसरी वेळ आहे, तेव्हा लघवीची तपासणी, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे पाहण्याची चाचणी) आणि रक्तातील साखर पाहून घ्यावी. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले किंवा लघवीतून रक्त गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

उत्तर (माडबन):
धने-जिऱ्याच्या पाण्याला नावे ठेवू नयेत. निदान त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जाते.

उत्तर (कोळणीची लेक):
माझी आईही डोक्यावर पाटी घेऊन फिरत असे. रोजच्या गिऱ्हाइकाच्या पडवीत बसून ती तासभर बोले, परंतु अंगाला मासळीचा वास येतो म्हणून मोरीत जाऊ का, हे विचारणे तिला कधी जमले नाही. आणि त्या गिऱ्हाइकाच्या घरच्यांनाही, सांगताना वाईट वाटते, ते आपणहून सुचले नाही. अखेर मीच दोन घरी जाऊन विचारले. दोन्हीकडे ‘अगो, त्यात काय विचारायचे?’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून ती त्या घरी तांब्याभर पाणी पिऊन पुढे निघे.

खाडीकाठ:
कल्चरसाठी नमुना दिला आहे. मोरीविषयी कोणाला विचारायचे, त्या घरांची नावे आज सासूबाईंकडून काढून घेते.