आबांना लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) करायचंय, कुणी केलंय का?

मृण्मयी: आबा ७८ चे, तसे ठणठणीत आहेत, पण शेजारचे काका महिनाभर आयसीयूत राहून गेले तेव्हापासून एकच धोशा, मला नळ्या लावून ठेवायचं नाही, काय ते लिहून घ्या. आई म्हणते अभद्र बोलू नका, दादा म्हणतो हे इच्छामरण झालं, आपल्याकडे बेकायदा आहे. खरंच का? कोर्टात जावं लागतं का?

निवांत: बेकायदा अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ लाच मान्यता दिलीय, फक्त तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कुणी फिरकायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, झालं. एक कॉपी फॅमिली डॉक्टरला द्या, एक पालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे (तो कोण हे शोधण्यातच चपला झिजतील, तयारी ठेवा). आणि दादांना सांगा, इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे, हे फक्त उपयोग नसलेले उपचार थांबवणं.

रातपाळी: आयसीयूत नर्स आहे म्हणून सांगते, कागद दाखवला की लगेच व्हेंटिलेटर काढला असं होत नाही. आधी प्रायमरी बोर्ड बसतं, म्हणजे ट्रीटमेंट करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, मग वेगळ्या डॉक्टरांचं सेकंडरी बोर्ड, दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. आबांना स्वतःला सांगता येत नसेल तेव्हा निर्णय घ्यायला म्हणून त्यांनी कागदात ज्यांची नावं घातली त्यांची संमतीही लागते, आणि गाडी अडते ती तिथेच, कारण परदेशातून उतरलेला मुलगा म्हणतो काहीही करा पण वाचवा. म्हणून नाव त्याचंच घाला जो तेव्हा डगमगणार नाही. एकापेक्षा जास्त नावं चालतात.

खडूस: मला भीती वेगळीच वाटते, बिल परवडत नाही म्हणून घरचेच घाई करतील.

रातपाळी: म्हणून तर दोन बोर्डं ठेवलीत ना. आणि उपचार थांबवले म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडत नाहीत, वेदनेचं औषध, स्वच्छता, सगळं चालू असतं.

मृण्मयी: धन्यवाद! दादाला वाचून दाखवलं, तो म्हणतो माझं नको, वहिनीचं नाव घाला 😄 साक्षीदार घरातले चालतील का?

निवांत: शक्यतो बाहेरचे घ्या, उद्या कुणी शंका काढायला नको. आणि आबांचं मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, आईंना तेवढं नक्की सांगा.