विषय: रानातल्या शर्यतीला आणि गावाकडच्या डोंगराला गाडी कोणती घ्यावी?

पाठवणारा: कन्नडकर (कोलंबस, ओहायो)

मंडळी, नमस्कार.

येत्या हंगामात इथल्या हेअर स्क्रॅम्बल म्हणजे रानातल्या मोटरसायकल शर्यतींत उतरायचं ठरवलंय. दाट झाडीतली अरुंद वाट, मुळं, ओढे, चिखल, आणि दीड-दोन तास थांबणं नाही. आजवर मित्राच्या गाडीवर हौस भागवली, आता स्वतःची हवी. शिवाय डिसेंबरपासून काही महिने कन्नडला असेन, बाबांची शेती बघायला. तिकडंही एक लागेल. घरून निघावं, पाणंदीनं डोंगराच्या पायथ्याला जावं, दिवस मावळायच्या आत परत यावं, एवढीच अपेक्षा.

इथला दुकानदार ४५० सीसी गळ्यात मारायच्या बेतात आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ७२ किलो. दोन्हीकडं एकच मॉडेल घेता येईल का? म्हणजे हाताला एकाच गाडीची सवय राहील.

---

पाठवणारा: किनवटवाला (पिट्सबर्ग)

भाऊ, ४५० डोक्यातून काढ. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर किंवा वाळवंटात ती शोभते. झाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायला मिळत नाही, आणि थ्रॉटल जरा जास्त पिळला की मागचं चाक ओल्या मुळावर सटकतं. जीएनसीसीतले (ही इथली रानातल्या शर्यतींची मोठी मालिका) वरच्या गटातले लोक तीन तास ४५० पळवतात हे खरं, पण त्यांचा तो रोजचा धंदा आहे. आपण सोमवारी ऑफिसला जाणारी माणसं. पाऊण तासात मनगट आखडतं आणि पुढची सगळी शर्यत गाडी धरून ठेवण्यात जाते.

तुला हवी २५० किंवा ३०० ची टू-स्ट्रोक. वजन शंभर-एकशेपाच किलोच्या घरात, म्हणजे ओढ्यात रुतली तर एकट्यानं ओढून काढता येते. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन-रिंगा घरच्या गॅरेजमध्ये बदलता येतात. यामाहा वायझेड २५० एक्स बघ. २०१६ च्या मॉडेलपासून मिळते. मूळ मोटोक्रॉसचीच गाडी, पण गिअरमधली अंतरं वाढवलेली, सस्पेन्शन मऊ, इंजिनची ताकद खालच्या आरपीएमलाच हळूहळू येईल अशी बसवलेली, आणि मागचं चाक १९ ऐवजी १८ इंची. हा एक इंच लहान वाटतो, पण टायरची भिंत त्यामानानं उंच होते, आणि दगड-मुळांवर रिम वाचते ती त्यामुळंच.

खोट एकच. सेल्फ स्टार्ट नाही, कार्ब्युरेटर आहे, किक मारावी लागते. जीएनसीसीत तर इंजिन बंद ठेवूनच सुरुवात होते. झेंडा पडला की सगळे सुटतात आणि आपण किक मारत उभे. केटीएमच्या ३०० एक्ससी-डब्ल्यूला सेल्फ आहे, नंतरच्या मॉडेलांना फ्युएल इंजेक्शनही आलं. हस्कवर्ना आणि गॅसगॅसच्या ३०० तिचीच भावंडं. पण यामाहापेक्षा महाग पडतात. टू-स्ट्रोकचा आवाज सोसवत नसेल तर वायझेड २५० एफएक्स ही फोर-स्ट्रोक घे. ती शहाण्यासारखी चालते, उतारावर इंजिन ब्रेकिंग मिळतं, फक्त व्हॉल्व्हचं क्लिअरन्स वेळेवर तपासावं लागतं. आणि इंजिन गेलंच तर खर्च रडवतो.

बजेटमधले थोडे पैसे सस्पेन्शनला राखून ठेव. हेल्मेट-बूट घालून गाडीवर बस आणि मागचं चाक किती दबतं ते दुसऱ्याला मोजायला लाव. साधारण १०० मिलिमीटर हवं. ॲल्युमिनियमचे हँडगार्ड आणि रेडिएटर गार्ड पहिल्याच दिवशी बसवून घे, झाडं बाजूला सरकत नाहीत. वेन नॅशनल फॉरेस्टच्या ट्रेलवर सराव करणार असशील तर स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) लागेल आणि परवानाही. जुनी गाडी घेताना सायलेन्सर उलटून बघ, पहिल्या मालकानं अरेस्टर काढून ठेवलेला असतो.

गावाकडचं मला विचारू नका. किनवटचं सागवान बघून खूप वर्षं झाली.

---

पाठवणारा: आंबेजोगाईकर (गावी परत आलोय, मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही)

कन्नडकर, एकच मॉडेल दोन्हीकडं हा नाद सोड. पिट्सबर्गवाल्यांनी सांगितलेल्या गाड्यांना इथं नंबर मिळत नाही. शर्यतीच्या गाड्या त्या, आरटीओ दारात उभं करणार नाही. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-६ नियम लागू झालेत, त्यात रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचा विषयच नाही. आणि तुझी पाणंद कुठंतरी डांबरी रस्त्याला लागणारच. दरवेळी गाडी छोट्या हत्तीत चढवून डोंगराला न्यायची का? त्यातली मजा तिथंच संपली.

इथं हिरोची एक्सपल्स घे. पुढं २१, मागं १८ इंची तारांची चाकं, २०० सीसी फोर-व्हॉल्व्ह, ऑईल कूलर. एप्रिलात कन्नडला ४० च्या वर पारा गेला तरी चालते. तिची एक प्रो आवृत्ती आहे, पुढचं सस्पेन्शन २५० मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २७०. वाचून तोंडाला पाणी सुटेल, पण सीटची उंची ८९१ आहे. पाच-सहाच्या माणसाला मुरमाच्या उतारावर पाय टेकायचा म्हटलं की तो हवेतच. साधीची सीट ८२५, तीच घे. २०२५ मध्ये २१० आलीय, लिक्विड कूल्ड, ताकद जास्त, सीट ८३०. पैसे असतील तर ती. वजन दोघींचंही १६० च्या आसपास किंवा वर, ओहायोच्या गाडीची सवय लागल्यावर म्हशीवर बसल्यासारखं वाटंल. पण क्लच प्लेट, लिव्हर, केबल तालुक्याला मिळते. लिव्हर तर तोडशीलच, दोन जास्तीच्या घेऊन ठेव.

वाळूजला बजाज १९८५ पासून आहे म्हणून आपल्याकडं केटीएमचं सगळं हाताशी असेल असं इथले पोरं धरून चालतात. बजाज त्या गाड्या चाकणच्या कारखान्यात बनवते, वाळूजला नाही. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर चांगली आहे, पण तुझ्या कामाला ती जास्तीची.

आता रानाचं ऐक, हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं.

पावसाळ्यात काळ्या रानात शिरूच नको. माती टायरला धरते, मग चेनला, मग मडगार्ड आणि चाकाच्या मधी ठासून बसते आणि चाक फिरायचं बंद होतं. ट्रॅक्टर अडकतात, तू काय घेऊन बसलास. वाफसा झाल्यावर, दिवाळीनंतर बेस. डोंगराच्या अंगाला मुरूम आणि सुटे दगड, तिथं पुढच्या टायरमध्ये हवा कमी ठेव पण फार नको, रिम चेपते. मागच्या चाकाला एक-दोन दात मोठं स्प्रॉकेट टाक, पहिल्या गिअरवर चढ सावकाश निघतो. बाभळीचा काटा साध्या ट्यूबला ऐकत नाही, जाड ट्यूब टाक आणि पंक्चर काढायचं सामान पाठीवर ठेव.

सगळ्यात लई भ्या विहिरींचं. बिनकठड्याच्या, गवतानं झाकलेल्या, बांधाला लागून. अनोळखी रानात आधी पायी चालून ये. आणि रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनच्या तारा असतात, संध्याकाळी दिसत नाहीत. एखादी तार उंच बांधलेली असली तर थेट मानेशी येते.

गौताळ्याच्या अभयारण्यात गाडी घालायची नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथं घालू नये. गायरान, सुकलेला ओढा, मुरमाची बंद खाण, ओळखीच्या माणसाचं पडीक रान, एवढं पुरतं. विचारून जा. ज्वारी हुरड्यात असताना बांधावरनं गाडी नेलीस तर बाबांना गावात तोंड दाखवता येणार नाही.

---

पाठवणारी: नांदेडची (डेट्रॉइट)

दादा, सगळं पटलं, एक सोडून. कावासाकीची केएलएक्स २३० का वगळली? तिलाही नंबर मिळतो, एअर कूल्ड आहे, आणि वजन १४० च्या आत. एक्सपल्सपेक्षा वीस किलो कमी. पडलेली गाडी दिवसात चौथ्यांदा उचलताना ते वीस किलो कळतात. मी इथं जुनी सीआरएफ २५० एफ चालवते, १२० किलोची. तरी शेवटी दम लागतो.

---

पाठवणारा: आंबेजोगाईकर

ताई, गाडी गुणाची आहे, नाही म्हणत नाही. पण सीट ८८० आणि सर्व्हिस मोठ्या शहरात. हा माणूस काही महिने येणार, बाकीच्या वेळी गाडी बाबांच्या गोठ्यात उभी. परत आल्यावर बॅटरी उतरलेली, एक केबल उंदरानं खाल्लेली. ती कन्नडातल्या कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता आली पाहिजे. वर्षभर राहणारा असता तर मीच केएलएक्स सांगितली असती.

---

पाठवणारा: कन्नडकर

ठरलं. इथं वायझेड २५० एक्स, तिथं साधी एक्सपल्स. दुकानदाराला ‘नको’ म्हणून कळवलं, तरी तो अजून फोन करतोय.

डेटनजवळ एक जुनी २०१९ ची मिळतेय, मालक म्हणतो फक्त ट्रेलवर चालवलीय. किनवटवाले, पिस्टन कधी बदललाय हे कागदाशिवाय कसं ओळखायचं, कॉम्प्रेशन मोजून का सिलिंडर उघडूनच? शनिवारी बघायला जायचंय. कुणाकडं पिकअप असेल आणि सकाळ मोकळी असेल तर कळवा, पेट्रोल आणि जेवण माझ्याकडं. नऊ नंबरचे मोटोक्रॉसचे बूट कुणाचे पडून असतील तर तेही सांगा.