टपावर पक्की पेटी, कापडी बॅग की काहीच नको?

घोडबंदरकर

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "कॅरिअर कुठून घेतलात?" हा प्रश्न हमखास येतो. यंदा त्यावरून जुंपली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, कापडी बॅग टपावर टाका, पट्टे आवळा आणि निघा. माझं म्हणणं, टपावर सामान टाकायचंच असेल तर कुलूपवाली पक्की पेटी घ्या, नाहीतर टपाच्या नादी लागू नका. ग्रुपवर सेक्रेटरींनी "हा विषय इथे थांबवावा" असं सांगितल्यामुळे तो इथे आणला आहे.

मूळ दुखणं सगळ्यांना माहीत आहे. सात सीटर आपण सात माणसांसाठी घेतो आणि सात माणसं बसली की डिकी संपते. एर्टिगाची तिसरी रांग उभी असेल तर मागे २०९ लिटर उरतात. ट्रायबरमध्ये ८४. चौऱ्याऐंशी लिटर म्हणजे मुलांची दप्तरं आणि एक छत्री. सीएनजी असेल तर तेवढंही नाही, टाकी बसलेली असते. मग सामान जातं मुलांच्या पायाखाली, आजीच्या मांडीवर आणि मागच्या काचेला टेकवून थेट छतापर्यंत. आरशात मागचा रस्ता दिसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला तर वरची बॅग तिसऱ्या रांगेतल्या पोराच्या मानेवर. याला कोणी धोका म्हणत नाही, टपावरच्या पेटीला मात्र सगळे म्हणतात!

पक्की पेटीच का, तर पाऊस. भाद्रपदात वडखळ ते माणगाव पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. बॅगेवर "वॉटरप्रूफ" छापलेलं असतं ते कापडापुरतं. शिवण आणि चेन कुठे जाणार? शिवाय वाटेत जेवायला थांबलो तर बॅग ब्लेडने कापता येते, पेटीला कुलूप असतं.

मतं सांगा. "रेल्वेने जा" हे कृपया सांगू नका, तिकिटं मिळाली असती तर धागा काढला नसता.

स्टेपनी

लिटर मोजलेत, किलो मोजलेत का?

टपावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तुम्हीच ट्रायबरचं नाव काढलंत म्हणून सांगतो, तिच्या रूफ रेलला कंपनीने ५० किलो दिलेत. हे ५० किलो तुमच्या कपड्यांचे नाहीत. त्यात पेटी ज्यांच्यावर बसते त्या आडव्या दांड्या आल्या आणि रिकामी पेटीही आली. दांड्यांचे पाच-सहा किलो धरा, मोठ्या पेटीचे वीसच्या आसपास. उरले पंचवीसच्या आतबाहेर. म्हणजे चारशे लिटरची पेटी घ्यायची आणि तिच्यात जेमतेम दोन मध्यम बॅगांचं वजन भरायचं. पेटीत जागा दिसते म्हणून माणूस भरत जातो, हा तिचा खरा धोका.

कापडी बॅग स्वतः काही किलोचीच असते. तेवढ्याच मर्यादेत जवळपास दुप्पट सामान जातं.

आणि ज्यांच्या गाडीला रेल आहेत त्यांनी आधी त्या खऱ्या आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात. त्यांच्यावर भार टाकू नका असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. पुस्तिका बिचारी डॅशबोर्डच्या खणात पीयूसीखाली दबलेली असते.

कोलशेतची मावशी

आणि पेटीत सामान चढवणार कोण? आमच्याकडे उंच माणूस एकच आणि त्याची कंबर धरलेली.

सानपाडा से. ५

उंचीचं कोणी बोललंच नाही. एर्टिगा १६९० मिमी. वर दांड्या आणि पेटी मिळून अर्धा मीटर धरा. झाले सव्वादोन मीटरच्या घरात. आमच्या इमारतीच्या तळघराच्या तोंडाशी २.१ मीटरचा लाल-पांढरा दांडा टांगलेला आहे. तुमच्याकडे ठाण्यात नव्या टॉवरमध्ये एकावर एक गाड्या चढवायचं यांत्रिक पार्किंग असतं, तिथे तर विचारूच नका. म्हणजे पेटी निघायच्या दिवशी सकाळी रस्त्यावर उभं राहून लावायची आणि परत आल्यावर, सगळे दमलेले असताना, पुन्हा रस्त्यावरच उतरवायची.

बरं, उतरवलेली पेटी ठेवायची कुठे? ती सहा-सात फूट लांब असते. दोन बेडरूमच्या घरात? जिन्यात ठेवली तर कमिटीची नोटीस, आणि ती नोटीस योग्यच आहे, आग लागली तर जिना मोकळा हवा. कापडी बॅग घडी करून पलंगाच्या खणात जाते. माझ्यासाठी वाद इथेच संपतो.

घोडबंदरकर

@सानपाडा, स्टिल्ट पार्किंगच्या छताला हुक आणि कप्पी लावून पेटी गाडीच्या वरच टांगून ठेवता येते. दोर सोडला की दांड्यांवर उतरते. कमिटीची परवानगी काढावी लागते, ती काढू.

@स्टेपनी, हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. पंचवीस किलो तर पंचवीस. सहा माणसांच्या चादरी, स्वेटर, टॉवेल, रेनकोट आणि चपला एवढ्यात बसतात. जागा खाणारं आणि वजनाला हलकं असंच सामान वर जायला हवं. ते वर गेलं की डिकीत जड बॅगा खाली, सीटच्या पाठीला चिकटून नीट बसतात.

आमणे इंटरचेंज

कोकणवाल्यांचं चाललंय म्हणून मध्ये बोलत नव्हतो, पण आम्ही विदर्भातले. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला तेव्हापासून ठाण्याहून निघालं की थोड्याच वेळात १२० ची मर्यादा असलेला रस्ता. तिथे टपावरची पेटी काय करते ते ऐका.

अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या संकेतस्थळावर आकडे आहेत. मोठ्या, बोथट तोंडाच्या पेटीने ॲव्हरेज शहरात २ ते ८ टक्क्यांनी घटतं, हायवेवर ६ ते १७ आणि ताशी १०५ ते १२० किमीला १० ते २५ टक्के. कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १२० केले की सव्वादोन पट. त्यात समृद्धीवर उघड्या माळावर आडवा वारा आला की स्टिअरिंगला जाणवतं. रिकाम्या दांड्याही शिट्टी वाजवतात, त्यामुळे "दांड्या वर्षभर राहू देत" हा आळस महागात पडतो.

आमच्या घरी ठरलंय, टपावर काही नाही. जास्तीचं सामान आधी ट्रॅव्हल्सच्या बसने पार्सल करतो.

पळस्पे फाटा

अहो आमणे, मुंबई-गोवा हायवेवर १२० ने जाणारा माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. गणपतीच्या आदल्या दिवशी पेणपासून रांगेत उभं असताना हवेचा विरोध कसला मोजताय! तुमच्या आकड्यांतला शहरातला २ ते ८ टक्केच आम्हाला लागू. माझं मत पेटीला.

काळी-पिवळी

तुम्ही सगळे फार विचार करता बुवा. पद्मिनी टॅक्सीच्या टपावर लोखंडी कॅरिअर असायचं, त्यावर ट्रंक, वळकटी, वर ताडपत्री आणि काथ्याचा दोर. दादर स्टेशनहून अख्खं बिऱ्हाड जायचं. आजही उघडी लोखंडी जाळी आणि ताडपत्री यासारखं स्वस्त काही नाही. पेटीत बसत नाही ते मखर, हार्मोनियम, सायकल, सगळं जाळीवर जातं.

स्टेपनी

@काळी-पिवळी, त्या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पन्हळ होती, कॅरिअरचे पाय तिच्यात घट्ट बसायचे. बोलेरोला अजून ती आहे. बाकी बहुतेक नव्या गाड्यांचे टप सपाट, तिथे तुमचं कॅरिअर पकडणार कशाला? आणि लोखंडी जाळीचं वजन पेटीपेक्षा काही फार कमी नसतं. हार्मोनियम टपावर नेणाऱ्याला तर भजनीमंडळाने बाहेर काढलं पाहिजे.

वकील नसलेला

कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. वेल्डिंग केलेलं किंवा टपाला भोकं पाडून बसवलेलं कॅरिअर त्यात सापडू शकतं. हाताने काढता-लावता येणाऱ्या दांड्या म्हणजे बदल की नुसती ॲक्सेसरी, यावर नाक्यावरच्या हवालदाराशी वाद घालायची तयारी ठेवा. दुसरं कलम १९४(१अ), हे २०१९ च्या दुरुस्तीत आलं. सामान गाडीच्या बाजूंच्या बाहेर, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेलं तर दंड २०,००० रुपये. मखराची चौकट आडवी बांधून निघणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. पेटी निदान टपाच्या रुंदीत राहते, एवढा तिचा फायदा मी मान्य करतो.

खारघर उतार

इतका वेळ कापडी बॅगेबद्दल बोलणाऱ्यांपैकी ती वापरतंय कोण? मी वापरते. ती चांगली आहे, पण दुकानदार सांगत नाही ते सांगते.

टप आधी पुसून घ्या. आपल्याकडे बांधकामांची धूळ किती असते माहीत आहे, ती बॅगेखाली राहिली तर गावाला पोचेपर्यंत रंगावर ओरखडे. खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी मिळते, ती टाका.

पट्टा सपाट ताणून बांधला की वेग घेतल्यावर वाऱ्याने थरथरतो आणि गाडीत अखंड घूं ऐकू येतं. त्याला एक-दोन पीळ द्या, आवाज बराच बसतो. पट्ट्याची उरलेली टोकं मोकळी सोडू नका, दारावर फटाफट आपटतात. निघाल्यावर पहिल्या चहाला थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा आवळा. कपडे दबलेले असतात, पट्टे सैल झालेले असतात. हे न चुकता.

ज्यांच्या गाडीला रेल नाहीत ते पट्टे दारांतून आत घेऊन बांधतात. पावसात हे करू नका. पट्टा पाणी पितो आणि थेंब थेंब आत सोडतो, सीट ओली होते. पावसाळ्यात बॅगेच्या पाणीरोधक असण्यावर माझा विश्वास नाहीच. आत प्रत्येकाचे कपडे वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि चेनचं तोंड मागच्या बाजूला. एवढं केलं की घोडबंदरकर म्हणतात तशी वाट लागत नाही.

पेटी आणि दांड्या परदेशी नावाच्या घेतल्या तर बिल सहज पन्नास हजारांच्या वर जातं. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने एवढे पैसे टपावर ठेवायचे?

घोडबंदरकर

@खारघर, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण बघा, टप पुसा, जाळी टाका, पीळ द्या, चहाला आवळा, पिशव्या भरा. एवढं सगळं पहाटे चारला, पाऊस पडत असताना आणि आई "निघायची वेळ टळली" म्हणत असताना. पेटीचं झाकण मी बंद करतो, किल्ली फिरवतो आणि संपलं.

कोलशेतची मावशी

जाताना सगळे बोलताय, येताना काय? गणपतीहून येताना नारळ, तांदूळ, भाजी, शेजाऱ्यांचे प्रसाद. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. ते जड सगळं वर ठेवणार?

स्टेपनी

मावशी, तोच तर मुद्दा. जड काही वर ठेवायचंच नाही. टप जड झाला की गाडीचा तोल वर सरकतो आणि कशेडीसारख्या वळणावर गाडी झुकते ते पोटात कळतं. नारळ-तांदूळ डिकीच्या तळाशी. आंबे तर मुळीच वर नाही, मे महिन्याच्या उन्हात बंद काळी पेटी भट्टीसारखी तापते, घरी पोचेपर्यंत हापूस उकडलेला. औषधं, तूप, मेणबत्त्याही आतच. वर ठेवलेलं जे काही थोडं वजनदार असेल ते दोन दांड्यांच्या मध्ये, टोकांना हलकं. गाडी पूर्ण भरली की टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे वाढवा आणि हेडलाइट खाली करायचं चाक असेल तर ते फिरवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारत जाल.

आमणे इंटरचेंज

म्हणजे जड वर नको, तापणारं वर नको, भिजणारं वर नको, उंच वर नको. उरल्या चादरी. चादरी गावी नसतात का?

पळस्पे फाटा

सगळे भाऊ एकदम आले की नसतात. आमच्याकडे रात्री अंगणापर्यंत गाद्या पडतात.

सानपाडा से. ५

घोडबंदरकर, ऑर्डर देण्याआधी एक करा. डिकीचं दार पूर्ण वर उघडून ते टपावर किती पुढे येतं ते मोजा. लांब पेटी मागे सरकवून बसवली तर दार तिच्या बुडावर आदळतं आणि डिकी अर्धीच उघडते. टपावर मागे शार्क फिन अँटेना असेल तर तोही बघा. सनरूफ असेल तर ते उघडणं विसरा, पोरांना आधीच सांगून ठेवा.

घोडबंदरकर

उद्या सकाळी टेप घेऊन खाली जातो आणि पुस्तिकेतला भाराचा आकडाही इथे टाकतो. तो पन्नासच्या खाली निघाला तर टप मोकळा ठेवीन आणि धाकट्या भावाला त्याची गाडी काढायला लावीन. कापडी बॅग मात्र घेणार नाही.

खारघर उतार

भावाची गाडी म्हणजे दुप्पट पेट्रोल. माझी जुनी बॅग या गणपतीला घेऊन जा, पीळ द्यायला मी शिकवते.