मदत हवी आहे: व्हिनेगर-सोड्याने पुसून फरशीची चमक गेली, टाइल्स चिकट झाल्या

घरात तीन तऱ्हेच्या फरश्या आहेत. बाहेरच्या खोलीत संगमरवर, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये टाइल्स, झोपायच्या खोलीत लॅमिनेट. विकतच्या फ्लोअर क्लीनरच्या वासाने मला शिंका सुरू होतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी घरगुती उपायाकडे वळले. अर्धी बादली पाणी, कपभर पांढरं व्हिनेगर, दोन चमचे खायचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडची सढळ धार. सोडा पडला की असं काही फसफसायचं की बघूनच समाधान व्हायचं.

आता झालंय असं, की संगमरवरावर भुरकट ठिपके पडलेत. आधी डाग समजून त्यावर आणखी व्हिनेगर घासलं, तर ते वाढले. (हसू नका.) टाइल्सवर अनवाणी चाललं की पाय चिकटतात आणि पुसून तासभर झाला नाही तोच धूळ बसते. लॅमिनेटच्या दोन पट्ट्यांच्या कडा जरा वर आल्यासारख्या वाटतात.

माझं नेमकं काय चुकतंय? आणि प्रत्येक फरशीला वेगळं मिश्रण लागतं का? तीन बादल्या घेऊन फिरायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगते.

प्रतिसाद १
व्हिनेगर ताबडतोब बंद करा, निदान संगमरवरावर तरी. ते डाग नाहीत. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की तो विरघळतो. पॉलिशचा वरचा थर खाल्ला गेला की तिथे प्रकाश नीट परावर्तित होत नाही, म्हणून भुरकट दिसतं. पुसून ते जाणार कसं? दगडच गेलाय तिथला. लिंबानेही हेच होतं. शहाबादी आणि मोझॅकलाही हाच नियम, कारण पहिली चुनखडकाची आणि दुसरीत बहुतेकदा संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात.

ठिपके वरवरचे असतील तर संगमरवराच्या पॉलिशची पावडर ओल्या फडक्याने घासून बघा. बोटाला खड्डा लागत असेल तर मशीनने पॉलिश करून घ्यावं लागेल.

प्रतिसाद २
आमच्याकडे कित्येक वर्षं संगमरवर व्हिनेगरनेच पुसतो, काही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

प्रतिसाद १
तुमची फरशी संगमरवरासारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल तर नाही ना? कपाटाखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर दगड. थेंब लगेच पुसून घ्या, नाहीतर तिथेही ठिपका.

प्रतिसाद २
केलं. काहीच झालं नाही. म्हणजे टाइलच निघाली! घर घेताना संगमरवर म्हणूनच सांगितलं होतं. असो.

प्रतिसाद ३
त्या फसफशीबद्दल कुणीच बोललं नाही. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोन्ही एकत्र केले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, म्हणजे जवळजवळ नुसतं खारट पाणी. (सोडा कमी पडला तर थोडं व्हिनेगर तसंच उरतं, संगमरवराला तेच लागतं.) तुमची फरशी जी काही स्वच्छ होत होती ती लिक्विडने. आणि चिकटही त्यानेच होतेय. बादलीला अर्धा चमचा पुरतं. जास्त झालं तर पुसल्यावर त्याचा पातळ थर राहतो आणि धूळ त्याला चिकटते.

एकदा फक्त कोमट पाण्याने, पाणी बदलत दोन-तीन वेळा टाइल्स पुसा. चिकटपणा गेला तर कारण सापडलं. टाइल्सवर अधूनमधून पातळ केलेलं व्हिनेगर चालतं, पण फटींतलं सिमेंट सारख्या आम्लाने झिजतं. फटी काळ्या झाल्या असतील तर सोडा आणि तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून दहा मिनिटं लावून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. फटी रंगीत असतील तर आधी छोट्या जागी बघा. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते.

आणि बाथरूममध्ये ब्लीच वापरत असाल तर त्याच दिवशी तिथे व्हिनेगर नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो. शिंकांवर निभावणार नाही.

प्रतिसाद ४
लॅमिनेटचं दुखणं मिश्रणात नाही, पाण्यात आहे. वरचा थर कितीही टणक असला तरी आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो. सांध्यातून पाणी मुरलं की तो फुगतो आणि फुगलेल्या कडा सहसा परत बसत नाहीत. थेंब पडणार नाही इतकं पिळलेलं फडकं घ्या, मागोमाग कोरडं फिरवा. वाफेचा मॉप तर अजिबात नको.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल कोमट पाण्याने टाइल्स तीनदा पुसल्या. पहिल्या बादलीला चक्क फेस आला, म्हणजे दोन महिन्यांचं लिक्विड जमिनीवरच होतं. पाय चिकटायचे थांबलेत. आता अर्धा चमचा लिक्विड घातलेली एकच बादली: आधी संगमरवर, मग टाइल्स, आणि लॅमिनेटला तेच फडकं कडकडीत पिळून.

कपाटाखाली थेंब टाकून पाहिला. बुडबुडे आले. पॉलिशची पावडर आणली आहे. एक विचारायचं राहिलं: ती हातानेच घासायची, की ड्रिलला फेल्टची चकती लावून चालेल? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, ऐकीव नको.