तपासणीला जायचं तर आधी फोन कशाला?

सोलापुरी काकू

मी बालगृहांची तपासणी करणाऱ्या टीममध्ये आहे, सरकारी नोकर नाही, समाजकार्यातली मेंबर म्हणून. आमच्यातच वाद पेटलाय म्हणून इथं टाकतेय. प्रश्न एवढाच, जायच्या आधी संस्थेला फोन करायचा का नाही? टीममधले बरेच जण म्हणतात करायचा, नाहीतर अधीक्षक बाहेरगावी, रजिस्टरं कपाटात, किल्ली अधीक्षकाच्या खिशात, आणि आपली फेरी फुकट. माझं मत अजिबात करायचा नाही. फोन केला की आपण पाहुणे झालो. आणि पाहुणचार होतो हो खरंच! गेटवर रांगोळी, पोरी ओळीत उभ्या, स्वागतगीत, मग शाल श्रीफळ. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातनं आपला सत्कार, आणि मग चहा पिऊन झाला की खुर्चीत बसून नमुना ४६, म्हणजे तपासणीचा फॉर्म, भरायचा.

मागं एका ठिकाणी (नाव सांगणार नाही, विचारू नका) सगळ्या कॉटवर नव्याकोऱ्या चादरी, पण दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच, एकीच्या कोपऱ्याला लेबल पण लटकत होतं. बाथरूममध्ये साबणाच्या वड्या, वरची अक्षरंसुद्धा झिजलेली नाहीत. टूथब्रश सकाळी कोरडे ठणठणीत. आणि एका पोराचा हात हातात घेतला तर बोटांच्या बेचक्यात खरूज, खाजवून खाजवून फोड आलेले. खरूज काय फोन आल्यावर झाकता येत नाही, एवढंच आपलं नशीब.

कायदा बघा, बाल न्याय कायदा २०१५, कलम ५४. तीन महिन्यांतून एकदा तरी भेट, किमान तीन जणांची टीम, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर पाहिजेच, आठवड्याच्या आत अहवाल. आधी कळवून जा असं त्यात कुठंही नाही. बोला.

अधीक्षक, एक बालगृह

कळवू नका असं पण कुठंही नाही मॅडम.

मी या कामात केस पांढरे केलेत म्हणून बोलतो. तुमची समिती येते, मुलं संस्थेत दाखल करायचे आदेश देणारी बाल कल्याण समिती येते, त्यांना महिन्याला दोन भेटी कायद्यानंच लावल्यात, बाल संरक्षण कक्षाचे लोक येतात, कधी न्यायाधीश येतात, कधी आयोग, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कलेक्टर साहेबांना पण तपासणीचा अधिकार. प्रत्येकाला वेगळ्या फॉरमॅटमध्ये माहिती पाहिजे असते आणि सगळ्यांना आजच पाहिजे असते. तुम्ही अचानक अकराला येणार, मुलं शाळेत, स्वयंपाकीण आवराआवर करतेय, काळजीवाहक एका पोराला घेऊन सिव्हिलला गेलेली, आणि तुम्ही लिहिणार "भेटीच्या वेळी कर्मचारी गैरहजर". झालं, पुढं सहा महिने त्या एका ओळीचा खुलासा देत बसा.

आणि चादरीचं म्हणाल तर घरी पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही पण पेटीतली चादर काढताच की. त्यात गुन्हा काय?

अनुदानाचं पण बोला जरा. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत एका मुलामागं महिन्याला ३००० रुपये, म्हणजे दिवसाला १००. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, दूध, कपडे, साबण, तेल, वह्या. तेही वेळेवर हातात पडले तर. तोपर्यंत किराणा दुकानदाराची उधारी कोण ऐकून घेतं? मी घेतो. उन्हाळ्यात ४३ च्या वर पारा आणि शहरात चार-पाच दिवसाआड पाणी, टँकर मागवायचा तर खिशातनं. हे तुमच्या नमुना ४६ मध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगा.

खरं_बोलतो

सगळ्या संस्था चोर आहेत. अनाथांच्या नावावर देणग्या खायच्या. सरसकट टाळं ठोका.

अधीक्षक, एक बालगृह

ठोका. आणि उद्या रेल्वे स्टेशनवर सापडलेलं पोरगं तुमच्या घरी आणून सोडतो, पत्ता द्या. पंढरपुरात टाकलेल्या लेकरांसाठी बालकाश्रम १८७५ ला सुरू झाला, प्रार्थना समाजाच्या लोकांनी केला. तेव्हा ना अनुदान होतं ना नमुना ४६. चोरच करत होते का ते काम?

पेट्रोल_स्वतःचं

मी कंत्राटी आहे, या खात्यातच कुठंतरी, एवढंच पुरे. काकूंचं तत्त्व बरोबर आहे पण जमिनीवर काय होतं ते ऐका. जिल्ह्यात अकरा तालुके. करमाळा नाहीतर माळशिरसला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला, गाडी मिळाली तर मिळाली नाहीतर स्वतःची टू व्हीलर. टीममध्ये डॉक्टर पाहिजेच म्हणतो कायदा, बरोबर, पण डॉक्टरांची ओपीडी सोडवून घ्यायची तर चार दिवस आधी पत्र द्यावं लागतं, पत्र गेलं की चार टेबलांवरनं फिरतं, आणि चार टेबलांवरनं फिरलेली गोष्ट सोलापुरात गुप्त राहते का? तुम्ही फोन नाही केला तरी ड्रायव्हर करतो. त्यामुळं "अचानक भेट" हे कागदावरच अचानक असतं. मग लपवाछपवी कशाला, सरळ सांगून जा, निदान रजिस्टर तरी पूर्ण बघायला मिळतं. कर्मचाऱ्यांच्या पोलीस व्हेरिफिकेशनची फाईल, दाखल मुलांचे समितीचे आदेश, मेडिकल कार्ड, हे सगळं अधीक्षक नसताना कोण दाखवणार?

सोलापुरी काकू

@पेट्रोल_स्वतःचं रजिस्टर बघायला कार्यालयात मागवून घ्या की, त्यासाठी तिथं जायची गरजच नाही. तिथं जायचं ते रजिस्टरमध्ये नसतं ते बघायला. मी आधी स्वयंपाकघरात जाते. फळ्यावर आज अंडी लिहिलंय तर टरफलं कुठायत? साठ्याच्या वहीत तूरडाळ किती आणि डब्यात किती? सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दमात लिहिल्यासारख्या आहेत का? मग पाण्याच्या टाकीचं झाकण उघडते, चार-पाच दिवस साठवलेलं पाणी पोरं पितात म्हटल्यावर ते बघायलाच पाहिजे. नियमात पन्नास मुलांमागं आठ संडास आणि पाच बाथरूम लिहिलेत, ते मोजते, आणि मोजताना कड्या आतनं लागतात का ते पण बघते. मुलींच्या संस्थेत कडी नसणं ही सगळ्यात मोठी नोंद आहे माझ्या मते, आणि ती फॉर्मभर शोधलीत तरी सापडत नाही.

आणि "सांगून जा" म्हणणाऱ्यांनी बिहारमधलं मुजफ्फरपूर आठवा, बालिकागृहातल्या मुलींवर अत्याचार झाले ते. २०१८ ला ते बाहेर आलं ते टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी सोशल ऑडिट केलं, मुलींशी बोलले म्हणून. तोपर्यंत तिथं कुणी जात नव्हतं असं थोडंच आहे? पुढं शिक्षा झालेल्यांत बाल कल्याण समितीचा अध्यक्ष होता आणि बाल संरक्षण अधिकारी पण. म्हणजे ज्यांनी तपासायचं तेच.

गेंट्याल_चौक

काकू एक बारीक चिमटा काढू का? शाल श्रीफळाचे फोटो समितीवाल्यांच्याच स्टेटसला असतात, मागं मुलांची रांग, तोंडं स्पष्ट दिसतात. कलम ७४ नं मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, सहा महिने कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाला केक आणि फरसाण घेऊन जाणारे आपले नगरसेवक तर सोडाच. 😀

सोलापुरी काकू

चिमटा मान्य. मी फोटोत उभी राहत नाही, पण दुसऱ्याच्या हातातला मोबाईल पण थांबवायला पाहिजे हे खरंय.

विडी_घरकुल

मी आत राहिलेला आहे. आता एमआयडीसीत लूमवर काम करतो. तुमी सगळे फोन करायचा का नाही त्यावर भांडालाय बे, आमच्या साईडनं पण बघा जरा.

साहेब लोक यायचे, कळवून पण यायचे आणि न कळवता पण यायचे. दोन्ही टायमाला विचारायचे काय, "जेवण कसं आहे रे?" बाजूला सर उभे. आमी सगळे एका सुरात "चांगलं आहे सर". दुसरा प्रश्न "काही त्रास आहे का?" परत एका सुरात "नाही सर". त्यात कोण काय बोलणार? आणि मी आलो तेव्हा मला मराठी धड येत नव्हतं, घरी तेलुगू, आई विड्या वळायची. अक्कलकोटकडची दोन पोरं होती ती कन्नड. आमच्याशी बोललंच कोण नाही कधी, आमच्या वाटचं उत्तर दुसराच पोरगा द्यायचा. एकदा एक बाई आल्या, डॉक्टर होत्या, त्या तेलुगूत म्हणल्या "रात्रि एम तिन्नाव?" म्हणजे काल रात्री काय खाल्लं. मी सांगितलं, पोहे. पोहे रात्रीला, कारण गॅस संपला होता. त्यांनी लिहून घेतलं.

आता पुढचं ऐका. बाई गेल्या गाडीत बसून. मी तिथंच होतो ना. रात्री सरांनी मारलं नाही काय, पण आठ दिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं, खेळायला पण घ्यायचं नाही. दहा वर्षाच्या पोराला ते मारापेक्षा बेक्कार असतंय. त्यानंतर मी पण "चांगलं आहे सर" वालाच झालो.

म्हणून म्हणतो अचानक या नाहीतर बँड लावून या, आमाला फरक काय? परत कधी येणार ते सांगा.

पेट्रोल_स्वतःचं

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. खरं सांगायचं तर पुन्हा भेट द्यायला फॉर्ममध्ये जागा नाही, म्हणजे "पुढील भेट तीन महिन्यांनी" हेच गृहीत. अहवालावर महिन्याभरात कारवाई व्हायला पाहिजे असं कायदा म्हणतो, पण कारवाई म्हणजे संस्थेला पत्र, संस्थेचा खुलासा, फाईल बंद.

अधीक्षक, एक बालगृह

@विडी_घरकुल भाऊ, तुझ्याबरोबर जे झालं ते चूकच, त्यात दुमत नाही. संस्थेतल्या माणसानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, साध्या शारीरिक शिक्षेला पण कलम ८२ आहे. पण मला सांग, तुझ्या सरांवर चाळीस पोरं आणि दोन काळजीवाहक असतील तर? मी बचाव करत नाही. मी म्हणतोय तपासणीवाला येतो तो खरूज लिहून जातो, त्वचेचा डॉक्टर महिन्यातनं एकदा पाठवा असं लिहून जात नाही. कमी दिसली की दोष आमचा, आणि पद रिकामं आहे ते कुणाचा दोष?

सोलापुरी काकू

पदं रिकामी आहेत ते मी लिहिते सर, प्रत्येक अहवालात. पण खरूज पसरायला पद रिकामं लागत नाही, एकाच टॉवेलला दहा पोरं पुसली की झालं. टॉवेल वेगळे करायला कुठलं अनुदान अडतं? आणि तक्रारपेटीचं काय? नियम असा की ती ऑफिसपासून लांब, मुलं राहतात तिथं पाहिजे, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडं, आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची. मी बघितलेल्या निम्म्या पेट्या अधीक्षकांच्या टेबलामागच्या भिंतीवर असतात. त्यात चिठ्ठी टाकायला कुठलं पोरगं जाईल?

दक्षिणसोलापूर_मास्तर

दोन गोष्टी. एक, तुम्ही ज्या संस्थांवर भांडताय त्या निदान नोंदणी झालेल्या तरी आहेत. गावोगाव "गुरुकुल", "आश्रम", "मोफत वसतिगृह" अशा पाट्या लावून पोरं ठेवलेली असतात, त्यांच्याकडं कोण जातं? कलम ४२ मध्ये नोंदणी न करता चालवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद नाहीतर कमीत कमी एक लाख दंड, किंवा दोन्ही आहे. पण विचारलं की एक खातं म्हणतं ते समाजकल्याणचं, समाजकल्याण म्हणतं आमच्या यादीत नाही.

दुसरी, आत असलेल्या बऱ्याच पोरांना आई असते हो. विडी वळणारी, ऊसतोडीला जाणारी, नवरा गेलेली. बाल संगोपन योजनेत महिन्याला २२५० मिळतात, ते तिला वेळेवर दिले तर पोरगं घरीच राहील. तपासणीत हा प्रश्न पहिला पाहिजे, हे मूल इथं का आहे.

खरं_बोलतो

म्हणजे शेवटी माझंच खरं, बंद करा.

विडी_घरकुल

बंद करू नका बे. माझी आई आजारी होती, मला घरी ठेवून काय करणार होती? मी तिथंच दहावी झालो.

सोलापुरी काकू

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार. फोन नाही, यावर मी ठाम आहे, ड्रायव्हरला पण गाडीत बसल्यावर गाव सांगायचं. दुसरी, ज्या मुलाशी एकट्यानं बोललो त्या संस्थेत आठवड्याच्या आत परत जायचं, टीम नाही मिळाली तर एकीनं तरी, आणि तेव्हा फक्त मुलांना भेटायचं, ऑफिसात बसायचंच नाही. तिसरी, टीमबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारं माणूस.

अधीक्षक, एक बालगृह

पहिल्याला माझा विरोध कायम, लेखी द्या म्हणालात तर लेखी देतो. दुसऱ्याला हरकत नाही, या. तिसऱ्यातलं भाषा येणारं माणूस सापडलं तर आधी माझ्याकडं पाठवा, आमच्याकडं अक्कलकोट भागातनं आलेला एक लहान पोरगा आहे, नुसता खिडकीत बसतो आणि काय मागतो ते आमच्यातल्या कुणालाच कळत नाही.

दक्षिणसोलापूर_मास्तर

मला कन्नड येतं. रविवारी चालेल का?