यंदा सगळ्यांनी पोळ्याले या (ग्रुप: आपला वाडा)

नागपूरच्या आत्या: यंदा सगळ्यांनी गावी जमायचं ते दिवाळीच्या सुट्ट्यात ठेवायचं का? हो म्हणा म्हणजे तारीख टाकते

पुण्याचे भाऊजी: चालेल 👍 नाहीतर १ मे च्या आठवड्यात, तेव्हा लेकरांनाही सुट्टी

गावची वहिनी: आत्या राग नका मानू पण दोन्ही नका ठेवू. मागच्या मे मधी लेकरं दिवसभर कूलरसमोर पडून होते, विहिरीले पाणी नाही, दुपारी लाईन जाये, अन मोठ्या आईले ऊन लागलं तं दोन सलाईन लावा लागले. दिवाळीत तं आमचं सोयाबीन मळणीले आलेलं अन कापूस फुटलेला असते, मजूर भेटत नाही. परसाल तुम्ही सगळे अंगणात बसले होते न मी चार वाजता वावरातून आली, डोक्यावर कापसाचं गाठोडं, बोटं बोंडाच्या टोकानं ओरखडलेले, तसेच हात धुवून पोळ्या लाटाले बसली. कोणासंगच धड बोलनं झालं नाही, मले अजून त्याचं वाईट वाटते. माझं म्हणनं पोळ्याले या

पुण्याचे भाऊजी: वहिनी पोळ्याला इकडे सुट्टी नसते. आणि तारीख किती फिरते, २०२३ ला १४ सप्टेंबर, २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. रजा कशी टाकायची?

मोठे काका: फिरते पण हाताबाहेर जात नाही रे बापू. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसाचं, सूर्याचं ३६५, म्हणून सण दरसाल ११-१२ दिवस अलीकडं येते, अन ३२-३३ महिन्यानं धोंड्याचा महिना आला की परत जागेवर जाते. २०२३ ले अधिक श्रावण होता म्हणून पोळा तेवढा लांबला. २०२६ ले अधिक जेठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे पोळा पुन्हा सप्टेंबरात. पेरणीले मात्र आपण तिथी पाहतच नाही, नक्षत्र पाहतो, मृग ७-८ जूनलेच लागते कारण ते सूर्यावर चालते

गावची वहिनी: अन पोळा आला तोवर पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या झाडानं, ओळी झाकल्या असते, बैलाचा डवरा (कोळपं) आत घालता येत नाही, बैलही मोकळे न आपणही. तो सण तिथं ठेवला तो काही उगाच नाही. पोरींचा भुलाबाईचा सण पाहा, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीलोक, ज्वारी तेव्हाच उभी असते म्हणून मखर धांड्याचा. सालगड्याचं वर्ष पाडव्याले सरते, वावर रिकामं होते तेव्हाच हिशेब. शाळेचंच घ्या न, २०२५ ले बाकी महाराष्ट्रात १६ जूनले उघडल्या अन विदर्भात २३ ले, उन्हामुळंच. सरकारले समजते तं घरच्यांनी काहून कंपनीच्या कॅलेंडरवर जमायचं?

नागपूरच्या आत्या: पटतंय गं. पण नाल्याला पूर आला तर? लेकरं घेऊन अडकायचं का रस्त्यात

गावची वहिनी: हे खरं आहे आत्या, पावसाचं मी खोटं नाही सांगत. म्हणून एक दिवस आधीच या, दिवसाउजेडी. तसंही खरी गंमत आदल्या संध्याकाळचीच, खांदमळणीची. जू घासून घासून बैलाच्या खांद्याची कातडी किती जाड होते ते हात लावल्याशिवाय नाही समजत. तुमचे भाऊ कोमट तूप न हळद घेऊन तिथं हळूहळू चोळते, तं आपला ढवळ्या डोळे मिटून मान पार त्यांच्या छातीवर टाकून देते. मंग त्याच्या कानात सांगाचं, आज आवतन घ्या उद्या जेवाले या. पुण्याच्या लेकरांनी हे एकदाही पाहिलं नाही. दोनच बैल राहिले आपल्याकडं, बाकी ट्रॅक्टर, किती वर्ष राहतीन ते मले नाही सांगता येत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा, लाकडी बैलाचा, माळ्यावर जुना लाकडी बैल आहे, एक चाक तुटलं ते बसवून ठेवते

मोठे काका: चाक मी बसवतो

पुण्याचे भाऊजी: बरं वहिनी. दोन दिवसांची रजा आजच टाकतो, दिवाळी आम्ही इकडेच करू. खांदमळणी किती वाजता असते?

गावची वहिनी: दिवेलागणीच्या आत पोचा भाऊजी. नाल्याजवळ आले की फोन करा, मुलगा टॉर्च घेऊन उभा राहीन